कधी उमटणारा, कधी दडणारा इशारा

जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून जवळच, खोडद नावाचे गाव आहे. या गावच्या आसपास सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ अर्थात ‘जीएमआरटी’ या नावाने ही दुर्बीण जगभर ओळखली जाते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून ती उभी राहिली, हे पुणेकरांना ठाऊक असतेच. दुर्बिणीचा कारभार पाहणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुण्यात गणेशखिंड येथे, विद्यापीठाच्या आवारात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ते एक अंग होय.

दुर्बिणीने टिपलेले संकेत म्हणजे तयार छायाचित्र नव्हे. ती आकड्यांची प्रचंड रास असते. त्या राशीतून आकाशाचे चित्र काढण्याचे काम संगणकावर चालते आणि ते बटणे दाबून होत नाही. काळ्या पडद्यावर एक एक आज्ञा टंकायची, एंटर कळ दाबायची, उत्तर वाचायचे आणि पुढची आज्ञा द्यायची, अशी ती पद्धत आहे. आरंभी ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ या दोन लहान प्रणाली मूळ नोंदींचे रूपांतर सर्वमान्य स्वरूपात करतात. त्यानंतर बहुधा ‘कासा’ नावाची प्रणाली हाती घेतली जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेच्या पुढाकाराने ती विकसित झाली. गणेशखिंडच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी जीएमआरटीच्या नोंदींसाठी ‘कॅप्चर’ नावाची स्वयंचलित कार्यशृंखला रचून २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तीही याच कासावर आधारलेली आहे. कासा सुरू केली की पडद्यावर तिचे नाव आणि त्यापुढे आज्ञेचा अनुक्रमांक येतो. मग यंत्र वाट पाहत थांबते. ज्यांनी १९९० च्या दशकात बँकांच्या शाखांमध्ये काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

या पडद्यावर अधूनमधून एक इशारा उमटतो. त्याचा आशय असा : लीप सेकंदांचा तक्ता कालबाह्य झालेला दिसतो, तो अद्ययावत होईपर्यंत आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवरून काढलेल्या वेळा आणि स्थाने एका सेकंदाने किंवा त्याहून अधिक चुकू शकतील. इशाऱ्यापुढे ‘सीव्हिअर’, म्हणजे ‘गंभीर’, असा शिक्काही असतो.

नवशिक्याला धडकी भरावी असाच हा मजकूर आहे. पण पुढे जे घडते ते अधिक गोंधळात टाकणारे असते. काम मात्र विनासायास पुढे सरकते. तीच आज्ञा पुन्हा दिली तर इशारा येत नाही. दुसऱ्या दिवशी प्रणाली नव्याने सुरू केल्यावर कधी तो पहिल्याच आज्ञेला येतो, कधी चौथ्या आज्ञेला. शेजारच्या मेजावरील संगणकावर त्याच नोंदी आणि त्याच आज्ञा असूनही पडदा स्वच्छ असतो. काही दिवसांत माणूस निष्कर्ष काढून मोकळा होतो, ‘हे असेच येते, लक्ष देऊ नये.’ या एका वाक्यात पुढील सर्व अनर्थाचे बीज आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी हा इशारा मुळात कशाविषयी बोलतो, ते पाहणे इष्ट.

आपल्या पंचांगात अधिक मास असतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे दोहोंचा मेळ राखण्यासाठी मधूनमधून एक महिना वाढवावा लागतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, हे अनेकांना आठवत असेल. लीप सेकंदाचा हेतूही असाच आहे. अणुघड्याळाची चाल अत्यंत नियमित असते, पण पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे तितके नियमित नसते. या दोन काळांमधील अंतर फार वाढू नये म्हणून १९७२ पासून गरजेनुसार एक सेकंद प्रमाणवेळेत वाढवण्याची प्रथा पडली. आजवर असे २७ सेकंद वाढवले गेले. शेवटचा सेकंद ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस वाढवण्यात आला. भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती आणि ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर साडेपाच न वाजता आणखी एक सेकंद मोजला गेला.

अधिक मास आणि लीप सेकंद यांत एक मोठा भेद आहे आणि सारी गोम तेथेच आहे. अधिक मास कधी येणार हे गणिताने शेकडो वर्षे आधी सांगता येते. पृथ्वीची चाल मात्र समुद्र, वारे, भूगर्भातील हालचाल अशा अनेक कारणांनी किंचित बदलत राहते. त्यामुळे लीप सेकंद हा गणिताचा विषय राहत नाही, निर्णयाचा होतो. पृथ्वीच्या परिवलनाची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था दर सहा महिन्यांनी पॅरिसहून पत्रक काढते आणि पुढील सहामाहीअखेर सेकंद वाढणार की नाही, एवढेच सांगते. साहजिकच कोणतीही प्रणाली हा आकडा स्वतः हिशेब करून काढू शकत नाही. तिला तयार तक्ता बरोबर बाळगावा लागतो आणि तो वेळोवेळी बदलून घ्यावा लागतो. जुन्या वर्षाचे पंचांग भिंतीवर लटकत राहिले तर ते दिसायला पंचांगच असते, पण चालू तिथी सांगायला निरुपयोगी ठरते. तक्त्याचेही तसेच आहे.

आता इशाऱ्याच्या लहरीपणाकडे वळू. तो चार निरनिराळ्या कारणांनी लहरी भासतो आणि चारही कारणे अगदी साधी आहेत.

प्रणाली तक्ता उघडते ती पहिल्यांदा गरज पडेल तेव्हाच. त्या वेळी ती तक्त्यावरील तारीख आजच्या तारखेशी ताडून पाहते. अंतर ठरावीक मुदतीहून अधिक असेल तर इशारा देते आणि तक्ता स्मरणात ठेवते. त्यानंतर ती बैठक संपेपर्यंत तक्ता पुन्हा उघडण्याचे कारणच उरत नाही, म्हणून इशाराही पुन्हा येत नाही. शिवाय प्रत्येक आज्ञेला वेळेचे रूपांतर करावे लागतेच असे नाही. नुसता आलेख काढण्याच्या आज्ञेला तक्ता लागणार नाही, स्थाननिश्चितीच्या आज्ञेला लागेल. म्हणून एखाद्या दिवशी इशारा पहिल्या आज्ञेला येतो आणि एखाद्या दिवशी चौथ्या. तिसरे कारण यंत्राचे. एकाच संगणकावर कासाच्या दोन-तीन आवृत्त्या नांदत असतात आणि प्रत्येकीचा तक्ता वेगळ्या ठिकाणी असू शकतो. शेजारच्या मेजावरचा पडदा स्वच्छ असण्याचे रहस्य बहुधा एवढेच असते.

चौथे कारण सर्वांत मौजेचे. काल इशारा नव्हता, आज आहे, आणि मधल्या काळात कोणीही काहीही बदललेले नाही. ‘काय बदल केला?’ हा तंत्रज्ञांचा ठरलेला पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे ‘काहीच नाही’ हे प्रामाणिक उत्तर येथे त्यांना चकवते. बदलली ती केवळ दिनदर्शिका. काल तक्ता मुदतीच्या आत होता, रात्री बारा वाजता मुदत उलटली.

हे वाचून व्यापारी वाचकांना कॅश क्रेडिट खात्याची आठवण व्हावी. अशा खात्यात बँकेला नियमाने स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर ठरते. स्टेटमेंट वेळेत गेले नाही की बँकेच्या प्रणालीत खाते अनियमित दिसू लागते. दुकानातील माल कदाचित जसाच्या तसा असेल, कदाचित वाढलाही असेल. पण बँकेकडे तो सांगणारा ताजा कागद नसतो. बँकेचा इशारा मालाविषयी काहीच सांगत नाही, तो कागदाच्या वयाविषयी सांगतो. लीप सेकंदाचा इशाराही तक्त्याच्या वयाविषयीच असतो. २०१६ नंतर एकही सेकंद वाढलेला नसल्यामुळे २०१७ पासूनचा कोणताही तक्ता लीप सेकंदांपुरता आजही बिनचूक ठरतो. म्हणजे बहुतेक वेळा इशारा येतो आणि प्रत्यक्षात त्या आकड्यात चूक नसते.

मग त्याकडे दुर्लक्ष करावे काय? तसे करता येत नाही, कारण लीप सेकंदाचा तक्ता एकटा नसतो. पृथ्वीच्या आसाचे डोलणे आणि तिच्या फिरण्यातील रोजचा सूक्ष्म फरक सांगणारे तक्ते त्याच कप्प्यात असतात आणि ते सहसा एकत्रच अद्ययावत होतात. एक शिळा असेल तर इतरही शिळे असण्याची दाट शक्यता असते, आणि त्या इतरांतील आकडे खरोखरच बदलत असतात. शिवाय सेकंद ही क्षुल्लक गोष्ट नाही. पृथ्वी एका सेकंदात १५ विकला फिरते. जीएमआरटीसारखी दुर्बीण उच्च वारंवारतेवर काही थोड्या विकलांचा तपशील वेगळा दाखवू शकते. ज्या शास्त्रात अशी मोजदाद चालते तेथे १५ विकला ही भली मोठी रक्कम झाली. आकाशाबाहेरच्या व्यवहारातही सेकंदाने माणसांना घाम फोडला आहे. ३० जून २०१२ रोजी सेकंद वाढवला गेला तेव्हा लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यातील एका दोषामुळे जगभरातील अनेक सर्व्हर अचानक पूर्ण भाराने धावू लागले आणि काही मोठ्या सेवा खोळंबल्या. भारतात तेव्हा १ जुलैची सकाळ उजाडत होती. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा निघाला : यंत्रावरील तारीख-वेळ पुन्हा एकदा हाताने भरली की बहुतेक यंत्रे शांत होत. पण तो सुचेपर्यंत अनेकांनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्याचा मार्ग धरला होता.

‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा उपाय घरोघरी प्रिय आहे, आणि अनियमित इशाऱ्याच्या बाबतीत तो फार फसवा ठरतो. कल्पना करावी की एखाद्या विद्यार्थ्याने इशारा पाहिला, कोठेतरी वाचलेला उपाय केला आणि त्याच बैठकीत आज्ञा पुन्हा दिली. इशारा आला नाही. त्याला वाटते, दोष गेला. वास्तविक त्याने काहीही केले नसते तरी त्या बैठकीत इशारा पुन्हा आलाच नसता. उपाय खरा की खोटा हे पाहायचे तर प्रणाली पूर्ण बंद करून, नव्या बैठकीत, नेमकी तीच आज्ञा द्यायला हवी. सतत येणाऱ्या दोषात शांतता पसरली की दुरुस्ती झाली असे म्हणता येते. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषात शांततेला तेवढे प्रमाणमूल्य नसते. तेथे आधी इशारा हुकमी आणता आला पाहिजे. तो हुकमी आणता येऊ लागला, की मग त्याचे न येणे पुरावा म्हणून धरता येते.

हुकमी आणता न आल्याची किंमत किती भयंकर असू शकते, याचे उदाहरण वैद्यकाच्या क्षेत्रात घडून गेले आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारे ‘थेरॅक-२५’ नावाचे यंत्र १९८० च्या दशकात अमेरिका व कॅनडातील काही रुग्णालयांत होते. त्याचे चालक पडद्यासमोर बसून उपचाराचे आकडे टंकत. यंत्र वारंवार थांबे आणि ‘मालफंक्शन’ या शब्दापुढे एक क्रमांक दाखवे. त्या क्रमांकाचा अर्थ चालकांना नीट समजावून दिलेला नव्हता. बहुतेक वेळा ‘पी’ ही कळ दाबली की काम पुढे सुरू होई. रोजच असे घडत असल्यामुळे कळ दाबणे हा हाताचा सराव होऊन बसला.

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सास राज्यातील टायलर येथील केंद्रात चालक महिलेने उपचाराचा प्रकार दर्शवणारे एक अक्षर चुकीचे भरले. ते लगेच तिच्या ध्यानात आले. ती अत्यंत सराईत होती. तिने पटकन मागे जाऊन अक्षर सुधारले आणि उपचार सुरू केला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ उमटले. तिने नित्याप्रमाणे ‘पी’ दाबली. आतील खोलीतील रुग्णाला किरणांचा अतोनात मोठा मारा बसला. निर्मात्या कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र तपासले, परंतु तो क्रमांक काही केल्या त्यांना पुन्हा दिसला नाही. यंत्र कामावर परतले आणि ११ एप्रिल रोजी तसेच पुन्हा घडले. दोन्ही रुग्ण दगावले.

त्यानंतर त्या केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र बंद ठेवले. तो त्या चालक महिलेला घेऊन पडद्यासमोर बसला आणि त्या दिवशी नेमके काय केले ते दोघे पुन्हा पुन्हा करून पाहू लागले. काय टंकले याबरोबरच किती वेगाने टंकले, हे कळीचे आहे असे त्यांच्या लक्षात आले. यंत्रातील चुंबक जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागत. त्या अवधीत कोणी दुरुस्ती करून मोकळे झाले तर पडद्यावर नवा आकडा दिसे, पण यंत्राच्या एका भागापर्यंत तो पोचतच नसे. कंपनीचे अभियंते सावकाश, काळजीपूर्वक टंकत होते, म्हणून त्यांना दोष दिसला नव्हता. सराईत बोटांनाच तो दिसणार होता. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्राकडून असे सहा अपघात झाले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा अभ्यास आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला दिला जातो.

रेडिओ खगोलशास्त्रात कोणाच्या प्राणावर बेतत नाही, हे खरे. पण सवय लागण्याची रीत तीच आहे. ज्या पडद्यावर ‘गंभीर’ या शिक्क्याचा मजकूर रोज दिसतो आणि रोज ओलांडला जातो, तेथे दुसरा, खरोखरच घातक मजकूर आला तरी डोळा त्यावर ठरत नाही.

म्हणून शोधाची शिस्त हवी. ही शिस्त जुन्या बँक कर्मचाऱ्यांना नवी नाही. हाताने लेजर लिहिण्याच्या काळात सहामाही जुळवणीला फरक येई, तेव्हा शहाणा कारकून सगळे लेजर पहिल्या पानापासून तपासायला बसत नसे. आधी तो फरकाकडेच टक लावून पाही. फरकाला ९ ने नि:शेष भाग जातो काय? जात असेल तर एखाद्या रकमेतील शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले असावेत. ५४ चे ४५ झाले की फरक बरोबर ९ चा येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद कोठे सापडते काय? सापडली तर ती नावेऐवजी जमेला गेली असावी. फरकाचा आकडा स्वतःच आपल्या उगमाकडे बोट दाखवत असे. ज्यांना एवढा धीर नसे ते फरक सस्पेन्स खात्यात ढकलून घरी जात आणि पुढे तपासनीस आल्यावर त्यांची धावपळ उडे.

पडद्यावरील इशाऱ्यालाही हीच रीत लागू पडते. इशारा जसा आला तसा, एकही शब्द न गाळता उतरून घ्यावा. ‘तक्त्याविषयी काहीतरी आले होते’ अशी तक्रार कोणाच्याच उपयोगाची नसते. त्याबरोबर कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, बैठकीतील कितवी आज्ञा, त्या आधी काय काय झाले, हेही टिपावे. कासा स्वतःच दर बैठकीची नोंदवही लिहिते, ही मोठीच सोय आहे. पुण्यात बसून ती पाहताना मात्र एक खाचखळगा ध्यानात ठेवावा लागतो. नोंदवहीच्या नावात घातलेली तारीख-वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेची असते, भारतीय नव्हे. पहाटे तीन वाजता सुरू केलेल्या कामाच्या नोंदवहीवर आदल्या दिवसाची तारीख आणि रात्रीचे साडेनऊ दिसतात. हे साडेपाच तास विसरणारा माणूस आपलीच नोंदवही हरवली असे समजून शोधत बसतो.

त्यानंतर कोरी बैठक उघडून कमीत कमी आज्ञांत इशारा आणता येतो काय, हे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन यंत्रांत फरक दिसत असेल तर प्रत्येकावर प्रणाली कोणत्या कप्प्यातून तक्ता वाचते आणि त्या तक्त्यावर कोणती तारीख आहे, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. बहुधा तेथेच उत्तर सापडते. तक्ते नवे आणून ठेवावेत, प्रणाली बंद करावी, पुन्हा सुरू करावी आणि तीच आज्ञा द्यावी. कासाच्या नव्या आवृत्त्यांत तक्ते आपोआप आणण्याची व्यवस्था झाली आहे. परंतु ज्या यंत्राला बाहेरचे जाळे उपलब्ध नाही किंवा ज्या कप्प्यात लिहिण्याची परवानगी वापरणाऱ्याला नाही, तेथे जुनाच प्रश्न शिल्लक राहतो. सामायिक संगणकांवर हे नेहमी घडते.

याच पडद्यावर येणारा दुसरा एक अनियमित इशारा येथे सांगण्यासारखा आहे, कारण त्याचे मूळ आणखी वेगळे आहे. कासाचा संवादाचा पडदा ‘आयपायथन’ या प्रणालीवर उभा आहे. फर्नांडो पेरेझ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने २००१ मध्ये तिची सुरुवात केली आणि आज वाणिज्य शाखेचे विद्यार्थीसुद्धा आकडेमोडीसाठी ती वापरतात. दिलेल्या आज्ञांचा इतिहास आयपायथन एका लहानशा माहितीकोशात साठवते. एकाच व्यक्तीने दोन खिडक्या उघडल्या आणि दोहोंनी एकाच क्षणी तेथे लिहायला घेतले, तर एकीला ‘कोश कुलूपबंद आहे’ असा निरोप मिळतो. दोन कारकुनांना एकाच वेळी तेच लेजर हवे असावे, तसा हा प्रकार. एकच खिडकी उघडून चाचणी घेणाऱ्याला तो जन्मात दिसायचा नाही. घरचा कप्पा जाळ्यावरून दुसऱ्या यंत्रावर ठेवलेला असेल तर तो अधिक वेळा दिसतो.

आयपायथनच्याही खाली असलेल्या पायथन भाषेचा स्वभाव असा, की एकाच ओळीतून निघणारा तोच इशारा ती नेहमीच्या मांडणीत एकदाच छापते. काही इशारे तर ती सहसा दाखवतच नाही. एखादी सोय लवकरच बंद होणार आहे हे सांगणारा इशारा घ्या. २०१८ मध्ये आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून, पडद्यावर थेट टंकलेल्या मजकुरातून तो उद्भवला तर दिसतो, पण तीच ओळ दुसऱ्या धारिकेतून बोलावली तर दडून राहतो. हेतू चांगला आहे, सामान्य वापरणाऱ्याला त्रास होऊ नये. पण शोध घेणाऱ्याची त्यामुळे दिशाभूल होते. त्यासाठी भाषेतच दोन पर्याय ठेवले आहेत. ‘ऑलवेज’ हा पर्याय दिला की इशारा दर वेळी येतो. ‘एरर’ हा दिला की इशारा येताच काम थांबते आणि तो नेमका कोठून उद्भवला याची पूर्ण साखळी पडद्यावर येते. ‘इग्नोर’ असा तिसराही पर्याय आहे. इशारे नकोसे झालेली माणसे प्रथम तोच शोधतात, आणि घाईच्या दिवशी तो लिहून ठेवला की पुढे वर्षानुवर्षे तो तेथेच राहतो.

लीप सेकंदाच्या इशाऱ्याचे पुढे काय होणार, हे आता बऱ्याच अंशी ठरले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजने व मापे यांच्या सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला की २०३५ पर्यंत अणुकाळ आणि पृथ्वीचा काळ यांतील अनुमत अंतराची मर्यादा वाढवावी. तसे झाले की सेकंद वाढवण्याचा प्रसंग दीर्घकाळ येणार नाही. दरम्यान अलीकडच्या काही वर्षांत पृथ्वी किंचित वेगाने फिरत असल्याचे आढळले आहे आणि आजवर कधीही न घडलेली गोष्ट, म्हणजे एक सेकंद वजा करणे, कदाचित करावी लागेल अशीही चर्चा आहे. तोपर्यंत पॅरिसहून दर सहामाहीला पत्रक निघत राहील, आणि गणेशखिंडच्या एखाद्या संगणकावर तक्त्याची मुदत मध्यरात्री उलटेल.